भौगोलिक बिंदूंची गुणधर्मांसह आरेखन-प्रणालीत आयात : ग्रामीण विहीर-नोंदीच्या संदर्भात

गोषवारा

क्षेत्र-अभ्यासात जीपीएस यंत्राने टिपलेले बिंदू ऑटोकॅडसारख्या आरेखन-प्रणालीत आणताना स्थान येते, परंतु त्या स्थानाविषयीची माहिती मागे राहते किंवा दुसऱ्याच बिंदूला चिकटते. प्रस्तुत लेखात गावातील विहिरींच्या नोंदीचे उदाहरण घेऊन तक्त्याची सिद्धता, सहनिर्देशकांचे रूपांतर, गुणधर्मयुक्त ब्लॉक, ऑब्जेक्ट डेटा आणि आयातीनंतरची पडताळणी यांचे विवेचन केले आहे. बिंदूला त्याचा स्वतःचा ओळख-क्रमांक आणि गुणधर्म ठेवण्यासाठी निश्चित जागा नसेल तर नकाशावरील खूण निर्णयासाठी निरुपयोगी ठरते, हे या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

बीजसंज्ञा : बिंदू-माहिती, गुणधर्म, आरेखन-प्रणाली, नकाशा प्रक्षेपण, विहीर-नोंद

प्रस्तावना

गावातील विहिरींची नोंद करणे हा भूगोलाच्या क्षेत्रभेटीचा नेहमीचा विषय होय. विद्यार्थी जीपीएस यंत्र अथवा भ्रमणध्वनी घेऊन शिवारात फिरतात, प्रत्येक विहिरीचे अक्षांश-रेखांश टिपतात आणि त्यासोबत विहिरीची खोली, मे महिन्यातील पाण्याची पातळी, बांधकामाचा प्रकार, मालकी खाजगी की सार्वजनिक, पाण्याचा उपयोग इत्यादी तपशील वहीत लिहून घेतात. पुढे ही माहिती संगणकावरील तक्त्यात भरली जाते. येथवर बहुधा अडचण येत नाही. अडचण येते ती हा तक्ता गावाच्या नकाशावर उतरविताना. कारण पाणीपुरवठा योजनेची नळमार्गिका, रस्ते, गावठाण यांचे नकाशे अभियंत्यांकडे आरेखन-प्रणालीत तयार झालेले असतात आणि विहिरींचे बिंदू त्याच नकाशावर हवे असतात.

भौगोलिक माहिती प्रणाली उपलब्ध असताना हा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न भूगोलाचा विद्यार्थी साहजिकच विचारतो. तात्त्विकदृष्ट्या त्याचे म्हणणे योग्य आहे. परंतु ज्याच्या हाती अंमलबजावणी आहे तो ज्या प्रणालीत काम करतो, तेथेच माहिती पोहोचवावी लागते. भूगोलज्ञाने आपला नकाशा सुंदर करून आपल्याच कपाटात ठेवला तर त्याचा गावाला उपयोग नाही.

या विषयाला कायद्याचीही बाजू आहे. महाराष्ट्रात १९९३ साली पिण्याच्या पाण्याच्या प्रयोजनार्थ भूजलाचे विनियमन करणारा अधिनियम झाला. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटर अंतराच्या आत परवानगीवाचून नवी विहीर खोदण्यास त्याने मनाई केली. पुढे त्याची जागा २००९ च्या भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियमाने घेतली. सार्वजनिक स्रोताच्या संरक्षणाचे सूत्र त्यातही आहे. म्हणजे नकाशावर सार्वजनिक विहिरीभोवती ५०० मीटर त्रिज्येचे वर्तुळ काढणे हा केवळ वर्गातील सराव नव्हे. कोणाची विहीर वर्तुळात आणि कोणाची बाहेर, हे त्या रेषेवर ठरू शकते. अशा वेळी दोन गोष्टी अचूक असाव्या लागतात : बिंदूचे स्थान, आणि तो बिंदू सार्वजनिक विहिरीचा आहे ही माहिती. पहिली चुकली तर वर्तुळ सरकते. दुसरी चुकली तर वर्तुळ भलत्याच विहिरीभोवती काढले जाते.

आरेखन-प्रणालीचा स्वभाव

ऑटोकॅडची पहिली आवृत्ती १९८२ च्या अखेरीस बाजारात आली. अभियंत्याच्या आरेखन-फळ्याची जागा संगणकाच्या पडद्याने घ्यावी, हा तिचा हेतू होता. त्यामुळे रेषा, वर्तुळ, कंस, अक्षरे ही तिची भाषा आहे. ‘हे वर्तुळ म्हणजे विहीर’ ही गोष्ट आरेखकाला ठाऊक असते, प्रणालीला नसते. याउलट भौगोलिक माहिती प्रणालीत प्रत्येक आकृतीमागे तक्त्याची एक ओळ उभी असते. १९९० च्या दशकात रूढ झालेल्या शेपफाइलची रचना पाहिली असता हे स्पष्ट होते. तिच्या एका फाइलीत आकृती, दुसरीत त्या आकृत्यांची सूची आणि तिसरीत, म्हणजे डीबीएफ तक्त्यात, गुणधर्म असतात. पहिल्या फाइलीतील दहावी आकृती आणि तक्त्यातील दहावी ओळ एकाच वस्तूविषयी बोलतात. ही जोडी तुटली की शेपफाइलला अर्थ उरत नाही.

आरेखन-प्रणालीत अशी जोडी जन्मतः नसल्याने ती आपणास निर्माण करावी लागते. डीएक्सएफ हे देवाणघेवाणीचे स्वरूप सर्वत्र चालते म्हणून अनेकजण भौगोलिक माहिती प्रणालीतून थेट डीएक्सएफ फाइल काढतात आणि ऑटोकॅडमध्ये उघडतात. बिंदू दिसतात, क्वचित त्यांच्याशेजारी नावेही दिसतात, आणि काम झाले असे वाटते. वस्तुतः सर्वसाधारण निर्यातीत तक्ता मागेच राहिलेला असतो. शेजारी दिसणारे नाव हे स्वतंत्र अक्षर-वस्तू असते. बिंदू हलविला तर ते नाव जागच्या जागी राहते.

तक्त्याची सिद्धता

आयातीचे निम्मे यश तक्त्यात आहे. म्हणून या भागाकडे थोडे विस्ताराने पाहू.

पहिला मुद्दा अक्षांश-रेखांश लिहिण्याच्या पद्धतीचा. यंत्रावर १८ अंश ३० मिनिटे ३६ सेकंद असे वाचन दिसते. प्रणालीला दशांश अंश हवे असतात. मिनिटांना ६० ने आणि सेकंदांना ३६०० ने भागून अंशांत मिळविल्यास १८.५१ ही संख्या मिळते. विद्यार्थी मात्र घाईत १८.३०३६ असे लिहितात. हा फरक ०.२०६४ अंशांचा, म्हणजे जमिनीवर सुमारे २३ किलोमीटरचा आहे. समाधानाची बाब इतकीच की एवढी मोठी चूक लगेच डोळ्यांत भरते. लहान चुका अधिक घातक असतात. तक्त्यात दशांश चिन्हानंतर चारच स्थळे ठेवली तर अक्षांशाच्या दिशेने बिंदू सुमारे ११ मीटरच्या जाळीवर बसतो. पाच स्थळे ठेवली तर सुमारे १.१ मीटरच्या. तेव्हा किमान पाच, शक्यतो सहा स्थळे ठेवावीत. तक्ता सीएसव्ही स्वरूपात जतन करताना पडद्यावर दिसणारी स्थळेच फाइलीत जातात, हेही लक्षात असू द्यावे.

दुसरा मुद्दा गट क्रमांकाचा. आपल्याकडे जमिनीचा हिस्सा दर्शविण्यासाठी ५/१, १२/३ असे लिहिण्याची रूढी आहे. एक्सेलसारखी तक्ता-प्रणाली याला दिनांक समजते आणि पाचवा गट, पहिला हिस्सा याचे रूपांतर जानेवारी अथवा मे महिन्यातील एखाद्या तारखेत करून टाकते. त्याचप्रमाणे विहीर क्रमांक ००७ मधील शून्ये गळून नुसते ७ उरते. यावर उपाय साधा आहे : माहिती भरण्यापूर्वीच तो स्तंभ ‘मजकूर’ या प्रकारचा करावा. माहिती भरल्यानंतर प्रकार बदलून उपयोग होत नाही, कारण मूळ अक्षरे तोवर नष्ट झालेली असतात.

स्वल्पविरामाचा उपद्रव दुहेरी आहे. शेऱ्याच्या स्तंभात ‘पाणी गोड, उन्हाळ्यात आटते’ असे लिहिले की सीएसव्ही फाइलीत त्या ओळीचे स्तंभ एकाने वाढू शकतात आणि पुढील प्रत्येक मूल्य एक घर सरकते. शेरा अवतरण चिन्हांत ठेवल्यास बहुतेक प्रणाली तो एकच समजतात, परंतु शेऱ्यात अर्धविराम वापरणे अधिक निर्धोक. दुसरा उपद्रव संख्यांचा. लाख-हजारांच्या आपल्या पद्धतीने ३,८०,१२५ असे लिहिलेले सहनिर्देशक माणसाला वाचायला सोपे. पण ऑटोकॅडच्या दृष्टीने स्वल्पविराम आला की एक सहनिर्देशक संपून दुसरा सुरू होतो. ती संख्या ती प्रणाली क्ष = ३, य = ८०, झ = १२५ अशी वाचेल. आकडेही आंतरराष्ट्रीय अंकांतच असावेत. देवनागरी अंकांना आरेखन-प्रणाली संख्या म्हणून ओळखत नाही.

स्तंभांच्या शीर्षकांविषयीही एक बंधन आहे. माहिती शेपफाइलमार्गे न्यायची असेल तर डीबीएफ तक्त्यात शीर्षकास दहाच अक्षरांची जागा मिळते, आणि ती जागा रोमन अक्षरांच्या हिशेबाने मोजलेली असते. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापते. ‘विहीर’ या लहानशा शब्दात वेलांट्या धरून पाच चिन्हे, म्हणजे पंधरा बाइट होतात. तो शब्दही तेथे मावत नाही. म्हणून शीर्षके रोमन लिपीत व आखूड ठेवावीत आणि त्यांचा मराठी अर्थ स्वतंत्र कागदावर नोंदवून ठेवावा. मूल्ये मात्र मराठीत ठेवण्यास हरकत नाही, अर्थात ती युनिकोडमध्ये असतील तर. जुन्या खास फाँटमध्ये टंकलेली गावांची नावे दुसऱ्या संगणकावर निरर्थक चिन्हे होऊन बसतात, याचा अनुभव मराठीत संगणक वापरणाऱ्या प्रत्येकाने घेतला आहे. ऑटोकॅडने २००७ च्या आवृत्तीपासून युनिकोड स्वीकारले. परंतु त्याच्या स्वतःच्या एसएचएक्स अक्षरवळणांत देवनागरी नसल्याने मंगलसारखा ट्रूटाइप फाँट निवडावा लागतो. अन्यथा मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हे किंवा रिकामे चौकोन दिसतात.

स्थानाचा प्रश्न

अक्षांश-रेखांश हे कोनांचे माप आहे, अंतराचे नव्हे. ते जसेच्या तसे क्ष आणि य म्हणून आरेखन-प्रणालीत दिले तर तीन किलोमीटर रुंदीचे शिवार ०.०३ एककात मावते. शिवाय आकृती विकृत होते. कारण १८ अंश अक्षांशावर एक अंश अक्षांश सुमारे ११०.७ किलोमीटर, तर एक अंश रेखांश सुमारे १०५.९ किलोमीटर भरतो. आरेखन-प्रणाली दोहोंना समान मानते. अशा चित्रात ५०० मीटर त्रिज्येचे खरे वर्तुळ काढताच येणार नाही.

म्हणून बिंदूंचे प्रथम मीटरमध्ये रूपांतर करावे लागते. त्यासाठी यूटीएम हे नकाशा प्रक्षेपण सोयीचे आहे. यात पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे पट्टे पाडलेले असतात. ७२ ते ७८ अंश पूर्व रेखांश हा ४३ वा पट्टा, ७८ ते ८४ हा ४४ वा. महाराष्ट्र या दोन्ही पट्ट्यांत विभागला गेला आहे. मुंबई, पुणे, औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर), अकोला आणि अमरावती ४३ व्या पट्ट्यात येतात. यवतमाळ, वर्धा, नागपूर, चंद्रपूर ४४ व्यात. प्रत्येक पट्ट्याच्या मध्य रेखावृत्ताला पूर्वांतर ५,००,००० मीटर दिलेले असल्याने दोन्ही पट्ट्यांतील आकडे सारखेच दिसतात, आणि घोटाळा येथेच होतो. नागपूरच्या एखाद्या विहिरीचे सहनिर्देशक ४४ व्या पट्ट्यात काढले आणि आरेखनाला मात्र ४३ वा पट्टा नेमून दिला, तर ती विहीर अक्षांश न बदलता सहा अंश पश्चिमेस, म्हणजे गुजरातेतील बारडोलीच्या परिसरात जाऊन पडते. आकड्यांकडे पाहून ही चूक उमगत नाही.

पूर्वांतर व उत्तरांतर यांची अदलाबदल ओळखणे मात्र सोपे आहे. पुणे शहरात पूर्वांतर ३ लाख ८० हजार मीटरच्या आसपास आणि उत्तरांतर २० लाख ४८ हजारांच्या आसपास असते. महाराष्ट्रात व गोव्यात कोठेही पूर्वांतर सहा अंकी आणि उत्तरांतर सात अंकी येते. साध्या ऑटोकॅडला आधी पूर्वांतर हवे; सिव्हिल थ्रीडीमधील प्रचलित बिंदू-स्वरूपात मात्र क्रमांक, उत्तरांतर, पूर्वांतर, उंची, वर्णन असा क्रम असतो. सर्वेक्षकाकडून आलेली फाइल कोणत्या क्रमाची आहे हे विचारण्यात कमीपणा नाही.

याहून सूक्ष्म प्रश्न आधार-गोलाभाचा आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने स्थलनिर्देशक नकाशे १८३० च्या एव्हरेस्ट गोलाभावर आधारलेले आहेत, तर जीपीएस यंत्र डब्ल्यूजीएस ८४ या जागतिक आधारावर वाचन देते. एकाच विहिरीचे दोन्ही पद्धतींतील अक्षांश-रेखांश वेगळे असतात आणि आपल्या भागात त्यामुळे जमिनीवर शंभर मीटरच्या आसपास अंतर पडते. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नागरी उपयोगासाठी डब्ल्यूजीएस ८४ व यूटीएमवर आधारित खुली नकाशा-मालिका आणली. २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी व २०२२ च्या राष्ट्रीय भूस्थानिक धोरणाने माहितीचा वापर आणखी मोकळा केला. तरीही कार्यालयांतील अनेक पायाभूत आरेखने जुन्या नकाशांवरून गिरवलेली आहेत. त्यांवर जीपीएसचे बिंदू टाकले की सर्व विहिरी एकाच दिशेने सरकलेल्या दिसतात. अशा वेळी ‘डोळ्यांनी जुळवून’ सर्व बिंदू हलविण्याचा मोह होतो. तो टाळावा आणि पायाभूत नकाशाचे रूपांतर करावे. कारण पुढील वर्षी येणारे नवे बिंदूही जीपीएसचेच असणार आहेत.

साधे ऑटोकॅड स्वतः हे रूपांतर करीत नाही. म्हणून क्यूजीआयएस या मुक्त प्रणालीत तक्ता उघडून तो पश्चिम व मध्य महाराष्ट्रासाठी ईपीएसजी ३२६४३, पूर्व विदर्भासाठी ३२६४४ या संकेतांकाखाली मीटरमध्ये जतन करावा आणि मगच पुढे जावे. रूपांतरित बिंदू प्रथम आणले असता पडदा कोराच दिसतो, याने गोंधळून जाऊ नये. बिंदू आरंभबिंदूपासून वीस लाख मीटर उत्तरेस असतात. झूम आज्ञेतील ‘एक्स्टेंट्स’ हा पर्याय दिला की ते समोर येतात.

गुणधर्मांना जागा

साध्या ऑटोकॅडमध्ये गुणधर्म ठेवण्याची उत्तम जागा म्हणजे गुणधर्मयुक्त ब्लॉक. विहिरीची खूण म्हणून एक लहान वर्तुळ काढावयाचे, त्याच्याशेजारी प्रत्येक स्तंभासाठी एकेक गुणधर्म-व्याख्या मांडावयाची आणि या सर्वांचा मिळून ब्लॉक करावयाचा. विहीर क्रमांक तेवढा दृश्य ठेवून बाकीचे गुणधर्म अदृश्य ठेवले तर नकाशा गजबजत नाही. खुणेवर दोनदा क्लिक केले की सर्व माहिती समोर येते.

शंभर विहिरींसाठी हा ब्लॉक हाताने शंभर वेळा बसविणे शक्य असले तरी शहाणपणाचे नाही. येथे स्क्रिप्ट उपयोगी पडते. स्क्रिप्ट म्हणजे एरवी आपण कळफलकावरून ज्या आज्ञा देतो त्याच एका साध्या मजकूर-फाइलीत ओळीने लिहिणे. तक्ता-प्रणालीत एका नव्या स्तंभात सूत्र लिहून इन्सर्ट ही आज्ञा, ब्लॉकचे नाव, पूर्वांतर व उत्तरांतर, दोन्ही दिशांची मापे, कोन आणि त्यानंतर एकेक गुणधर्म असे क्रमाने जोडले की प्रत्येक विहिरीसाठी तयार आज्ञा मिळते. आज्ञेच्या नावाआधी आडवी रेघ दिल्यास संवादचौकट न उघडता सर्व उत्तरे स्क्रिप्टमधून घेतली जातात. त्यासाठी ॲटरेक या चलाचे मूल्य १ आणि ॲटडियाचे ० ठेवावे.

या पद्धतीत दोन खाचखळगे आहेत. त्यांचा उल्लेख पाठ्यपुस्तकांत सहसा आढळत नाही. पहिला ऑब्जेक्ट स्नॅपचा. हाताने टंकलेले सहनिर्देशक मूळ व्यवस्थेनुसार स्नॅपवर मात करतात, स्क्रिप्टमधून आलेले मात्र करीत नाहीत. परिणामी जवळजवळ असलेल्या दोन विहिरींपैकी दुसरी पहिलीच्या मध्याला जाऊन चिकटते आणि दोन बिंदू एकाच जागी बसतात. स्क्रिप्टच्या आरंभीच ओस्मोड शून्य करणे हा त्यावर उपाय. स्क्रिप्टमध्ये रिकामी जागा ही एंटर कळीसारखी मानली जाते, तेव्हा ओळीच्या शेवटी नकळत राहिलेली एखादी जागाही पुढील सर्व आज्ञांचा क्रम बिघडवू शकते. पण हा बिघाड निदान लगेच दिसतो.

दुसरा खळगा अधिक गंभीर आहे. ब्लॉक बसविताना गुणधर्म ज्या क्रमाने विचारले जातात तो क्रम ब्लॉक तयार करताना व्याख्या ज्या क्रमाने निवडल्या त्यावर ठरतो. सर्व व्याख्या एकाच चौकटीत घेरून निवडल्या असतील तर हा क्रम उलटासुलटा होऊ शकतो. मग विहिरीची खोली पाणीपातळीच्या जागी आणि पाणीपातळी खोलीच्या जागी जाऊन बसते. दोन्ही संख्याच असल्याने प्रणाली तक्रार करीत नाही. पाणीपातळी खोलीपेक्षा जास्त कशी, हा प्रश्न विचारणारा वाचकच ही चूक पकडू शकतो. बॅटमॅन या आज्ञेने क्रम पाहता व बदलता येतो. स्क्रिप्ट चालविण्यापूर्वी एकच विहीर बसवून तिची माहिती वहीशी ताडून पाहण्यास दोन मिनिटेही लागत नाहीत.

ब्लॉकमधील गुणधर्माच्या मूल्यावरून निवड करण्याची सोय साध्या ऑटोकॅडमध्ये तोकडी आहे. यासाठी सार्वजनिक पिण्याच्या विहिरी, खाजगी सिंचन विहिरी, कूपनलिका व पडक्या विहिरी यांना वेगवेगळे लेअर द्यावेत, अशी शिफारस करावीशी वाटते. हीच माहिती गुणधर्मातही असते, म्हणजे पुनरुक्ती होते हे खरे. परंतु ज्या माहितीवर वर्तुळ काढावयाचे ती पडद्यावर रंगाने दिसलीच पाहिजे.

ऑटोकॅड मॅप थ्रीडी उपलब्ध असेल तर मार्ग अधिक सरळ आहे. २०१९ पासून हा संच ऑटोकॅडच्या वर्गणीतच मिळतो. त्यातील आयातीची आज्ञा शेपफाइल वाचते, सोबतच्या प्रक्षेपण-फाइलीवरून सहनिर्देशकांचे रूपांतर करते आणि तक्त्यातील स्तंभ ऑब्जेक्ट डेटा म्हणून प्रत्येक बिंदूला जोडते. आयातीच्या संवादचौकटीत ही जोडणी आपण स्वतः निवडावी लागते. ती न निवडता पुढे गेल्यास पुन्हा मुके बिंदूच हाती येतात. ऑब्जेक्ट डेटा चित्राच्या फाइलीतच राहतो, पण साध्या ऑटोकॅडमध्ये तो दिसत नाही. ज्या कार्यालयाला फाइल द्यावयाची तेथे कोणती आवृत्ती आहे, हे जाणून मगच ब्लॉक की ऑब्जेक्ट डेटा याचा निर्णय घ्यावा. खेड्यापाड्यांतील कामाचा विचार करता ब्लॉकचा मार्ग मला अधिक टिकाऊ वाटतो. माहिती आयात न करता मूळ फाइलीशी नुसती जोडणी करण्याचीही सोय या संचात आहे. तिचा लाभ नकाशा व तक्ता एकाच संगणकावर असेपर्यंतच.

पडताळणी

आयात झाल्यावर प्रथम संख्या मोजावी. तक्त्यात जितक्या ओळी तितकेच ब्लॉक हवेत. त्यानंतर डेटा एक्स्ट्रॅक्शन या सोयीने चित्रातील गुणधर्म, क्ष व य यांसह पुन्हा तक्त्यात काढावेत आणि विहीर क्रमांकाच्या आधारे मूळ तक्त्याशी ताडावेत. येथे विहीर क्रमांकाचे महत्त्व कळून येते. ओळींच्या क्रमावर विसंबून केलेली तुलना एक ओळ पुढेमागे झाली की कोलमडते. ऑटोकॅड प्रत्येक वस्तूला स्वतःचा एक अंतर्गत क्रमांक देते आणि पुढील वर्षीची पाणीपातळी ॲटआउट व ॲटइन या आज्ञांच्या साहाय्याने भरताना तोच वापरला जातो. परंतु वस्तू दुसऱ्या चित्रात नेल्यावर हा क्रमांक बदलतो. म्हणून विहिरीची कायमची ओळख म्हणून त्याचा उपयोग करू नये. ती ओळख आपण दिलेली असावी आणि शक्य असल्यास विहिरीच्या कठड्यावर रंगानेही लिहिलेली असावी.

गुणधर्म नष्ट होण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे एक्सप्लोड ही आज्ञा. एखाद्या आरेखकाने खुणेचा रंग बदलण्यासाठी ब्लॉक फोडला की भरलेली मूल्ये जातात आणि त्यांच्या जागी गुणधर्मांची नुसती नावे उरतात. शंभर विहिरींच्या शेजारी शंभर वेळा एकच शीर्षक लिहिलेले दिसते. फोडणे अटळच असेल तर बर्स्ट ही पूरक आज्ञा वापरावी. ती मूल्यांना निदान साध्या अक्षरांच्या रूपात राखते.

उंचीविषयी स्वतंत्र सावधगिरी हवी. काही तक्त्यांत तिसरा सहनिर्देशक म्हणून समुद्रसपाटीपासूनची उंची, तर काहींत चक्क विहिरीची खोली दिलेली असते. बारा मीटर खोलीची विहीर त्यामुळे बारा मीटर हवेत लटकते. याचा अंतरावर होणारा परिणाम ध्यानात घ्यावा. सार्वजनिक विहिरीचा बिंदू शून्य उंचीवर आणि शेजारच्या विहिरीचा ५५० मीटर उंचीवर असेल, तर नकाशावर ५०० मीटर असलेले अंतर डिस्ट ही आज्ञा तिरप्या मापाने सुमारे ७४३ मीटर सांगते. वर्तुळातली विहीर कागदोपत्री वर्तुळाबाहेर जाते. तेव्हा अशा कामासाठी सर्व बिंदू शून्य उंचीवर ठेवावेत आणि उंची व खोली हे दोन वेगळे गुणधर्म मानावेत.

राहिला प्रश्न वर्तुळाच्या काठावरील विहिरींचा. यूटीएम प्रक्षेपणात मध्य रेखावृत्तावर मापनाचा गुणक ०.९९९६ असतो, म्हणजे जमिनीवरील ५०० मीटर नकाशावर ४९९.८ भरतात. वीस सेंटिमीटरचा हा फरक येथे नगण्य आहे. यंत्राची त्रुटी मात्र नगण्य नाही. मे २००० मध्ये अमेरिकेने जीपीएस संकेतांतील हेतुपुरस्सर ठेवलेला दोष काढून टाकल्यापासून हातातील साधे यंत्र मोकळ्या आकाशाखाली काही मीटरपर्यंत अचूक वाचन देते. झाडाखाली वा दरीत ते आणखी बिघडते. दोन्ही विहिरींचे वाचन पाच-पाच मीटरने चुकू शकत असेल, तर नकाशावर ४९७ मीटर दिसणारे अंतर प्रत्यक्षात ५०० हून कमी आहे असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. सहनिर्देशक सहा दशांश स्थळांपर्यंत छापले गेल्याने ही अनिश्चितता कमी होत नाही, आणि आरेखन-प्रणालीची रेघ बारीक व ठाम असल्यामुळे ती उलट झाकली जाते.

यास्तव ५०० मीटरच्या वर्तुळाच्या आत व बाहेर दहा-दहा मीटरची दोन तुटक वर्तुळे काढावीत आणि त्यांच्यामधील विहिरी वेगळ्या लेअरवर ‘पुनर्मापन आवश्यक’ अशा नोंदीसह ठेवाव्यात. यंत्राचे नाव, वाचनाचा दिनांक व यंत्राने दाखविलेली संभाव्य त्रुटी हे तीन स्तंभ तक्त्यात आरंभापासून असतील तरच हा पट्टा किती रुंद असावा हे ठरविता येते. त्या मोजक्या विहिरींचे पुनर्मापन टोटल स्टेशनने किंवा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या सतत कार्यरत संदर्भ-स्थानकांच्या जाळ्याशी जोडलेल्या यंत्राने करून घ्यावे, आणि नवे सहनिर्देशक त्याच विहीर क्रमांकापुढे, जुने न पुसता, वेगळ्या स्तंभात लिहावेत.